पडवीत बसलेली बाई

पावणे, पोस्ट तुर्भे, जि. ठाणे
६ फेब्रुवारी १९५६

प्रिय भगिनी सगुणा हिस,
ख्रिस्तात सलाम.

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला नवल वाटेल. खरं सांगायचं तर हे पत्र मी आपणहून लिहीत नाही. येत्या महिन्यात आपल्या मंडळीत चार दिवस संजीवन सभा ठरल्या आहेत. काल उपासनेनंतर ठाण्याचे पाळक आढावसाहेब म्हणाले, "सभांच्या आधी ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्याने त्याला पत्र तरी लिहावं. मन झाडल्याशिवाय आत्मा येऊन बसायचा कुठे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळामास्तर आणि मंडळीचा वडील. मीच लिहिलं नाही तर बाकीचे कशाला लिहितील? म्हणून लिहितो आहे.

इकडे सर्व क्षेम. सुमित्रा बरी आहे. करुणा आता दहा वर्षांची झाली. अजून अधूनमधून विचारते, आत्या वऱ्हाडात काय करते? मी सांगतो, आजारी माणसांच्या दवाखान्यात नर्स आहे. कुठला आजार ते सांगत नाही. मुलं शाळेत बोलतात.

मंडळीत सध्या नऊ घरं उरली. मीठ खात्यातल्या शिपायांची दोन कुटुंबं बदली होऊन उरणला गेली. यशोदाबाई, यजमान मुकादम गेल्यापासून, एकट्याच असतात. कान अधू झाले आहेत, पण उपासना चुकवत नाहीत. प्रार्थनामंदिराला चुना दिला. ठाण्याहून हस्तपत्रकं छापून आणली आणि मी स्वतः पावणे, तुर्भे, कोपरखैरणे अशी तिन्ही गावं पायी फिरून वाटली. दर शुक्रवारी उपास करून प्रार्थना चालू आहे. सगुणा, वीस वर्षं हे गाव आपल्याकडे बघतं, पण उंबऱ्याच्या आत येत नाही. या वेळी येईल असं मला आतून वाटतं. शंभर माणसं बसतील एवढ्या चटया मागवल्या आहेत.

आता त्या प्रकरणाविषयी. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण साहेबांनी मन झाडायला सांगितलं आहे. बायजाच्या बाबतीत जे झालं तो पंचांचा निर्णय होता. साहेबांकडून काही उत्तर आलं नाही, म्हणून पंचांना ठरवावं लागलं. तिला कोणी बाहेर काढलं नाही, फक्त पडवीत बसायला सांगितलं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. पुढे तिच्या घरच्यांनी तिला खाडीकाठच्या झोपडीत नेऊन टाकलं, ते आमच्या हातात नव्हतं. तू नर्स, तुला त्या रोगाची भीती नव्हती. आम्ही लेकुरवाळी माणसं. तू तिला वऱ्हाडात घेऊन गेलीस, तिथेच राहिलीस, तो तुझा निर्णय.

माझ्या मनात तुझ्याविषयी राग नाही. उत्तर पाठव.

तुझा भाऊ,
कमळाकर हिवाळे


पावणे
१२ मार्च १९५६

प्रिय सगुणा,

तुझं उत्तर नाही. तरी सभांचं कळवायला हवं, कारण त्यांत तुझ्याशी संबंधित काही झालं.

प्रवचनाला सांगलीकडचे हिरामण पारधे आले होते. बुटके, काळेसावळे, आवाज मात्र मिठागराच्या पलीकडे जाईल असा. गुरुवारी पाच वाजता सभा सुरू झाली. बावीस माणसं, सगळी आपलीच. गावातली चार-सहा पोरं खिडकीशी आली, गाणं संपल्यावर गेली. शुक्रवारी एकोणीस. शंभर माणसांच्या चटया भिंतीशी गुंडाळून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शनिवारी पारध्यांनी प्रवचन सुरूच केलं नाही. त्यांनी विचारलं, "वीस वर्षांची मंडळी आहे. गावातलं एकही माणूस का येत नाही?"

कोणी म्हणालं भरतीची वेळ आहे, कोणी म्हणालं शिमगा तोंडावर आला. तेवढ्यात यशोदाबाई उठल्या. त्यांना प्रश्न ऐकू गेला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"एक येत होती ना साहेब," त्या म्हणाल्या. "बायजा. टोपलीत जिताडा-कोळंबी घेऊन दारोदार हिंडायची. गावातली ती एकटी आत आली, बाप्तिस्मा मागायला लागली. तिच्या गालावर डाग दिसला आणि आपण तिला पडवीत बसवलं. ऊन अंगावर आलं की ती सरकायची. चार महिने मी आतून बघत होते. उठून तिच्याजवळ बसावं असं मला प्रत्येक रविवारी वाटायचं, आणि प्रत्येक रविवारी मी बसून राहिले. एकटी मास्तरांची बहीण जाऊन बसायची."

पारध्यांनी विचारलं, "तिला बाहेर बसवा असं कोणी सांगितलं?"

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मीच म्हणालो, "पंचांचा निर्णय होता." कंपाउंडरची बायको रडायला लागली, तिच्या मागोमाग आणखी दोघीतिघी. मी रडलो नाही. हातात गाण्याचं पुस्तक होतं, त्याची पानं सरळ करत बसलो.

रविवारी सकाळी शेवटची सभा. पारधे आत आलेच नाहीत. पडवीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तुम्ही गा." आम्ही दोन गाणी म्हटली. मग ते दारात येऊन उभे राहिले. "मास्तर," म्हणाले, "इथून ऐकू सगळं येतं. पण कोणाचा चेहरा दिसत नाही." त्यांना अडीचची बस होती, ते गेले.

चटया आज परत पाठवल्या. ती बाई जिवंत आहे का, एवढं तरी कळव.

कमळाकर


पावणे
रविवार, ९ नोव्हेंबर १९५८

सगुणा,

करुणा जूनपासून ठाण्याला हायस्कुलात जाते. मामाकडे राहते. मुलगी एकटी कशी ठेवायची, म्हणून सुमित्राही तिच्याबरोबर आहे. मी इथे स्वयंपाक शिकलो. भात जमतो.

हे वरचं मी सगळ्यांना सांगतो तसं लिहिलं. आता खरं लिहितो.

मे महिन्यात सुमित्रा करुणाच्या बाप्तिस्म्याचा दाखला शोधत होती, शाळेला हवा होता. माझी ट्रंक उघडली. तळाशी आढावसाहेबांचं पत्र होतं, एकावन्न सालच्या फेब्रुवारीतलं. त्यात साहेबांनी लिहिलं होतं, की बायजाबाईला आत सर्वांबरोबर बसवा, मंडळीला मी येऊन समजावीन, ईस्टरला तिचा बाप्तिस्मा करू, आणि भिऊ नका.

साहेबांकडून उत्तर आलं नाही असं मी तुला सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी पुन्हा तेच लिहिलं. उत्तर आलं होतं. साहेबांना मी कळवलं, की बाईचा विचार बदलला, ती आता येत नाही. तेव्हा साहेब इकडे क्वचितच येत; त्यांनी विश्वास ठेवला. मास्तर खोटं कशाला बोलेल?

सुमित्रा पत्र हातात घेऊन ओट्याशी उभी होती. "हे सगुणावन्संना दाखवलं होतंत?"

"नाही."

"पंचांना?"

"नाही."

"मी तेव्हा काय म्हणायची आठवतं का? म्हणायची, साहेबांचं उत्तर येत नाही, देवाच्या मनात नसेल. रोज म्हणायची. तुम्ही समोर बसून ऐकत होतात."

भांडण झालं नाही. तिने पत्र घडी घालून परत ट्रंकेत ठेवलं आणि महिन्याभरात ठाण्याला जायची तयारी केली. शाळेचं कारण तिनेच शोधून दिलं, माझी अब्रू राहावी म्हणून.

का लपवलं, ते तुला सांगतो. बायजा आपल्या दारात मासळी घेऊन यायची तेव्हा करुणाला मांडीवर घ्यायची. एकदा मी शाळेतून आलो, तर ती चिमटीने काटे काढून करुणाला मासा भरवत होती. तिच्या मनगटावरचा पांढुरका डाग आणि करुणाचं तोंड, यांत चार बोटांचं अंतर होतं. त्या दिवसापासून मला जेवण जाईना. मुलीला रोज उघडी करून उजेडात नेऊन तपासायचो. सुमित्राला वाटायचं, गोवर येऊन गेला म्हणून बघतो. तू म्हणायचीस, दादा, महारोग असा लागत नाही, आता गोळ्या निघाल्या आहेत. मला ते ऐकू येत होतं आणि पटत नव्हतं. मग साहेबांचं पत्र आलं. ती आत येऊन बसणार, करुणाला जवळ घेणार, आणि मी वडील म्हणून तिथे उभा राहून तिचं स्वागत करणार. माझ्याने झालं नसतं.

मी भ्यालो. एवढंच होतं. त्या भीतीला मी पंचांचा निर्णय म्हणत आलो.

आज उपासनेला चार माणसं होती. मला क्षमा कर.

कमळाकर


पावणे
१९ एप्रिल १९६४

सगुणा,

साडेपाच वर्षं लिहिलं नाही. तुझं उत्तर येत नव्हतं, आणि मी माझं सांगून मोकळा झालो असं मला वाटत होतं. तसं होत नाही.

इथलं सगळं बदलतं आहे. पावण्याची भातशेती सरकारने घेतली, तिथे कारखाने उभे राहत आहेत. दिवसभर ट्रक. मिठागरावरची उरलेली घरंही गेली, शिपायांच्या बदल्या झाल्या, कंपाउंडर मुलाकडे नाशिकला गेले. आढावसाहेब बासष्ट साली वारले. मी ठाण्याला गेलो, पेटीला खांदा दिला. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढच्या काळात वर्षातून बारा वेळा ते प्रभुभोजनाला इथे येत, माझ्या घरी जेवत. सांगायला बारा संधी दर वर्षी होत्या.

आता मंडळी म्हणजे मी आणि यशोदाबाई. त्यांना काही ऐकू येत नाही. तरी मी शास्त्र मोठ्याने वाचतो, गाणं म्हणतो. त्या माझ्या ओठांकडे बघून कडवं ओळखतात आणि अर्ध्यातून म्हणू लागतात, पुष्कळदा दुसरंच. पावसाळ्यात त्यांना ताप येत होता तेव्हा पाच रविवार मी एकटाच होतो. रिकाम्या खोलीत "आपण प्रार्थना करू या" असं म्हणताना पहिल्या रविवारी जीभ अडखळली. पुढे सवय झाली. त्या सवयीची मला जास्त भीती वाटते.

तीन आठवड्यांपूर्वी, ईस्टरला, मी वाचत असताना पडवीत कोणीतरी बूट काढल्याचा आवाज झाला. पंचविशीतला एक माणूस दारात उभा. कारखान्यात फिटर आहे, केरळचा, चाको नावाचा. त्याला मराठी येत नव्हतं. म्हणाला, "अंदर आ सकता है?"

सगुणा, मला बोलता येईना. तो बिचारा समजला की परवानगी नाही, आणि पायांत बूट घालायला लागला. यशोदाबाई धावत गेल्या आणि त्याचा हात धरून त्याला आत आणलं. त्यानंतर तो दर रविवारी येतो, गेल्या रविवारी नगरकडचे दोघे भाऊ, त्याच्याच कारखान्यातले, त्यांना घेऊन आला. पाच माणसं झालो.

त्यांना वाटतं मी मोठा भाविक माणूस. एकटा मंडळी सांभाळून राहिलो, असं ते एकमेकांना सांगतात. ते मला सोसत नाही. तू एकदा ये. नाहीतर एक ओळ लिही, की क्षमा केली.

तुझा दादा


पावणे
७ जून १९६४

सगुणा,

तुझं कार्ड मिळालं. तेरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पाठ झालं आहे, तरी इथे उतरवतो, म्हणजे मला ते नीट समजलं असं तुला कळेल.

"दादा, तुझी चारही पत्रं पोचली. चारही मी बायजाबाईंना वाचून दाखवली. प्रत्येक वेळी त्यांनी एकच विचारलं, मास्तरांनी माज्यासाठी काय लिवलंय? मी म्हटलं, काही नाही. तू माझी क्षमा मागतोस. मला कोणी पडवीत बसवलं होतं का? सगुणा."

मला चार पत्रांत हे सुचलं नाही. सोबत त्यांच्यासाठी वेगळा कागद ठेवला आहे. वाचून दाखव.

कमळाकर


श्रीमती बायजाबाई यांस,
सलाम.

मी पावण्याचा मास्तर. तुम्ही बाप्तिस्मा मागितला होतात. ठाण्याच्या साहेबांनी तुम्हाला आत घ्या, बाप्तिस्मा देऊ, असं पत्राने कळवलं होतं. ते पत्र मी लपवलं आणि तुम्हाला चार महिने पडवीत उन्हात बसवलं. दोष पंचांचा नाही, माझा. माझ्या मुलीला तुम्ही जीव लावत होतात आणि मी तुमच्या हातांची भीती धरली. तुम्ही कधी काही बोलला नाहीत, म्हणून मला ते सोपं गेलं.

हा कागद पाठवण्याआधी आज मी मंडळीसमोर उभा राहून वाचला. आम्ही पाच जण होतो, त्यांपैकी तिघांना तुम्ही माहीत नव्हतात; आता माहीत झालात. आता मी पडवीत बसतो असं लिहिणार होतो, पण ते नाटक झालं असतं. तुम्हाला यावंसं वाटलं तर या. आत बसायचं आहे. यावंसं वाटलं नाही, तर तेही बरोबर आहे.

कमळाकर हिवाळे


पावणे
१५ फेब्रुवारी १९६५

सगुणा,

बायजाबाई सुखरूप पोचल्या. तू कल्याणपर्यंत त्यांच्याबरोबर आलीस आणि तिथून परत गेलीस हे त्यांनी सांगितलं. कल्याण इथून पंधरा मैल. असो.

काल सकाळी सडकेवर बस थांबली. चाको आणि मी उतरवून घ्यायला गेलो होतो. मी त्यांना ओळखलं नाही. केस पांढरे, पाठ ताठ, डाव्या हाताची बोटं वाकडी. त्यांनी मला ओळखलं. "मास्तर, लय वालले तुमी," म्हणाल्या.

मी ठरवून ठेवलेलं बोलायला लागलो. त्यांनी थांबवलं. "लिवलंत ना तुमी? मना समजलं. परत कशाला? चला आदी गावात. मना माज्या पोराच्या घरी जायाचंय. जयदेवच्या."

मी म्हटलं, आधी उपासना होऊ द्या, थोडं खा, मग बघू.

"नाय. आताच. सगली मानसं उठलेली हायेत, बगूदे सगल्यांना. आनि तुमी बरोबर या. पुढं नाय, मागं नाय. बाजूला चाला."

तेव्हा मला कळलं की प्रार्थनामंदिरात त्यांना आत बसवणं माझ्या दृष्टीने फार मोठं होतं, त्यांच्या दृष्टीने ते नंतरचं काम होतं. आम्ही निघालो. रविवार होता, कारखान्यांना सुट्टी, सगळं गाव ओट्यांवर. मी या गावात तीस वर्षं शिकवलं. अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलेलं. पण त्या पाऊण मैलात एकाने "मास्तर, सलाम" म्हटलं नाही. बायका मुलांना आत घेत होत्या. बायजाबाई वळून बघत नव्हत्या. प्रत्येक घर मात्र ओळखत होत्या. "ही पुतळाबाय, हिची सून बालंतपनात गेली." "हा दादूचा ओटा, मोठा केला काय?"

जयदेव दारात उभा होता. चाळिशीचा झाला आहे. मासेमारी सोडली, कारखान्यात वॉचमन आहे. आईकडे त्याने बघितलंच नाही. मला म्हणाला, "मास्तर, कोनत्या तोंडानं आनलीत हिला?"

"त्या बऱ्या झाल्या आहेत जयदेव. दवाखान्याचा दाखला आहे."

"ते नाय इचारलं. तुमी कोनत्या तोंडानं, ते इचारतो." त्याचा आवाज चढला. शेजारची माणसं जवळ आली. "आमाला काय समजत व्हतं? गालावर डाग हाय, उनानं आला असल म्हनत व्हतो. एक दिस बाजारात मानसं बोलाया लागली, हिला मास्तरांनी देवलाच्या भायेर बसवलीय. तुमी शिकलेले. तुमची बहीन नर्स. तुमीच भायेर बसवली म्हंजे रक्तपिती खरीच असनार! त्याच दिवशी आमी हिचं ताट वेगलं केलं. म्हयन्यानं झोपडीत नेऊन ठेवली. आमी तुमच्याकडं बगून केलं, मास्तर."

सगुणा, चौदा वर्षं मी मनाशी म्हणत होतो, की मी निदान पडवीत जागा दिली, घरच्यांनी तर हाकलूनच दिलं. माझ्या पापाला मी त्यांच्या पापाचा आधार दिला होता. ते माझ्याच पापातून निघालं होतं. हे तुला तेव्हाच माहीत होतं का? असेल तर तू मला सांगितलं का नाहीस, असं विचारायचा मला हक्क नाही.

मी ओट्याला एक हात टेकून उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. साहेबांचं पत्र, ते मी लपवलं ते, सगळं. म्हटलं, "बाई आज बऱ्या आहेत म्हणून हे सांगत नाही. रोग होता तेव्हाही त्यांना बाहेर बसवायचा मला अधिकार नव्हता. चूक या घराची नाही. पहिली माझी."

मागून एक बाई म्हणाली, "येवड्या वर्षांनी बोलून काय?" तेही खरं.

जयदेव आत निघून गेला. दार त्याने लावलं नाही. त्याची बायको गोजरा, जिने सासूला कधी पाहिलंच नव्हतं, ओट्यावर बोंबील वाळत घालत होती. तिने बोंबील एका बाजूला सारले, गोणपाट अंथरलं आणि म्हणाली, "बसा आई, उभ्या किती राल?" पितळी पेल्यात पाणी आणलं. बायजाबाई पाणी प्याल्या. रिकामा पेला गोजराने उचलून घरात नेला. ओट्यावर सोडला नाही. बायजाबाईंनी ते बघितलं, मीही बघितलं.

तासभर आम्ही बसलो. जयदेव बाहेर आला नाही. मग त्याच उठल्या. "चला, आता तुमचं गानं म्हनू," म्हणाल्या.

यशोदाबाई प्रार्थनामंदिरात एकट्या वाट पाहत होत्या. बायजाबाई आत आल्या तशा त्यांनी आपल्या चटईवर सरकून जागा केली आणि त्यांचा वाकडा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या. उपासना मी चालवू शकलो नाही. चाकोने त्याच्या भाषेतलं एक गाणं म्हटलं. कोणालाच शब्द कळले नाहीत.

त्या यशोदाबाईंच्या घरी राहतील. परत वऱ्हाडात जाणार नाहीत म्हणतात. नवे पाळक ईस्टरला बाप्तिस्मा देणार आहेत.

तू ये असं या वेळी लिहीत नाही.

कमळाकर


पावणे
२२ ऑगस्ट १९६५

सगुनाताईस बायजाचा सलाम.

तुमचं पत्र मिललं. मास्तरांनी वाचलं. मास्तरांकडून लिवून घेते, मना दुसरा कोन नाय. मी बोलेन तसंच लिवा म्हनून सांगितलंय. मधी तुमचं काय घालू नका, गालू नका.

तुमी इचारलंत हाताच्या जखमेचं. सुकली. चुलीजवल कापड गुंडालून जाते, तुमी सांगितलंत तसं. तेल लावते. यशोदाबाय रोज माजी बोटं मोजून बगते, आनि मी तिला बोंबलून गोष्टी सांगते. आमचं बरं चाललंय.

मी परत टोपली घेतली. दादूचा पोरगा होडीवरून मासली देतो, दुरून ठेवतो पन देतो. पयले दोन म्हयने गावात कोन घेईना. मंग चाको बोलला, आमच्या कँटिनला आना. तिथली मानसं भायेरची, त्यांना मासली ताजी पायजे, बाकी काय इचारत नायत. आता रोज टोपली रिकामी व्हते. जिताडा असला का चाको हातात धरून नाचतो.

बाप्तिस्मा झाला ते तुमाला म्हाईत हाय. रविवारी आता अकरा मानसं असतात. गोजरा तीनदा आली. तिला गानं आवडतं, बाकीचं समजत नाय म्हनते. मी बोलले, मना पन सगलं समजत नाय, बस तू. जयदेव येत नाय. परवा सडकेवर भेटला. थांबला. पाऊस पडत व्हता. बोलला, छत्री नाय काय तुज्याकडं? मी बोलले, हाय, टोपलीवर धरलीय. तो हासला आनि गेला. येवडंच झालं. मी घरी येऊन जेवले नाय, पोट भरल्यासारखं वाटलं.

आता मास्तरांचं. हे लिवा म्हनले तर हात थांबलाय त्यांचा. मी बोलले, लिवा, पत्र माजं हाय.

मास्तर बरे हायेत. खोकला हाय. सुमित्राबाय म्हयन्यातून एक रविवार ठान्यावरनं येतात, माज्याजवल बसतात, चारच्या येष्टीनं जातात. मास्तर सडकेपर्यंत पोचवाया जातात आनि मंग लवकर परत येत नायत. एकटेच जेवतात. मी कालवन देते, तर आर्दं संध्याकालला ठेवतात. तुमचं पत्र आलं का माज्याकडं पलत येतात, म्हातारे झाले तरी. फोडून वाचतात. पयल्या वलीपासून शेवटापर्यंत. तुमच्या पत्रात सगल्यांची नावं असतात, चाकोचं पन असतं. त्यांचं नसतं. पत्र परत घडी करून माज्या हातात देतात.

ताई, मी तुमाला माफ करा म्हनून सांगत नाय. मी केलं ते माजं मी केलं, तुमचं तुमी बगा. पन मना लिवता त्या पत्रात खाली येक सलाम त्यांना लिवा. मन नसल तर नुसतं नाव लिवा. वाचताना ते लाजून टालतील, वाचनार नायत. तरी मना समजंल. मी त्यांचा आवाज वलखते.

बायजाचा अंगठा

वरील मजकूर बायजाबाईंनी सांगितल्याप्रमाणे लिहिला. एकही शब्द गाळलेला नाही.
क. हिवाळे